ब्रेक, बॅच आणि बलुतं

पिंपळे सौदागर म्हटलं की आज डोळ्यांपुढे उंच इमारती येतात, आणि सकाळी हिंजवडीच्या दिशेनं मुंगीच्या गतीनं सरकणाऱ्या गाड्या. १९१७ साली याच गावावर एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झालं. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी गावातलं घर न् घर आणि शेताचा तुकडा न् तुकडा तपासून ते लिहिलं होतं. १५६ खातेदार, ७२९ तुकडे, त्यातले ४६३ एकराहून लहान. १७७१ मध्ये सरासरी ४० एकरांची असलेली जमीन १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती. नुसत्या शेतीवर नीट भागेल अशी घरं बोटांवर मोजावीत इतकीच.

अभ्यासक हे शेतीचं पुस्तक म्हणून वाचतात. मी ते रोजगाराचं पुस्तक म्हणून वाचतो. ज्या गावात सात एकरांवर घर चालत नाही, त्या गावातला माणूस रोज सकाळी कुठे जातो, कोणाच्या शब्दावर जातो आणि संध्याकाळी काय घेऊन परत येतो, हा प्रश्न त्या आकड्यांच्या मागे उभा आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना जवळच होता, १८६९ पासूनचा. पुणे शहर आणि लष्कराचा कॅम्पही फार लांब नव्हता. कामाच्या शोधात निघालेला माणूस हिंजवडीमुळे पहिल्यांदा या गावात दिसला असं नाही. तो शंभर वर्षांपूर्वीही इथून निघतच होता.

मी अर्थशास्त्र शिकलेलो नाही. नोकरीची बहुतेक वर्षं एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात गेली. हजेरीची कार्डं, पाळ्यांचे तक्ते, ओव्हरटाइमचे तास, असं ते काम. त्यातच दर महिन्याला एक यादी करावी लागे, ‘सात महिने पूर्ण होणारे’ अशी. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार बारा महिन्यांत २४० दिवस भरले की सलग सेवेचं एक वर्ष धरलं जाई, आणि मग त्या कामगाराला नोटिशीशिवाय, भरपाईशिवाय काढता येत नसे. म्हणून सातव्या महिन्याच्या शेवटी ब्रेक. मुलगा मशीनवर हात बसलेला असे, सुपरवायझर त्याचं नाव घेऊन कौतुक करत असे, तरी त्याचं कार्ड मी बाजूला काढून ठेवत असे. काही जण तीन-चार महिन्यांनी परत येत, नव्या टोकन नंबरवर. त्या याद्या माझ्या अक्षरात आहेत, आणि त्याचं ओझं अजून उतरलेलं नाही. तेव्हापासून मी एक वही ठेवली. निवृत्तीनंतरही ती चालू आहे.

वहीत प्रश्न एकच आहे: या कामाच्या अटी काय? किती दिवसांचं काम, पगार कोण देणार, बाहेर काढायचं तर कोणाला विचारावं लागेल? भोसरीच्या विजेच्या खांबांवरच्या चिठ्ठ्या, एमआयडीसीतल्या गेटांवरच्या ‘पाहिजेत’च्या पाट्या, मजूर अड्ड्यावर थांबलेल्या मुकादमाचं बोलणं, वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती, सगळीकडे हाच प्रश्न विचारायचा. किती जागा आहेत हे मी मोजत नाही. ते माझ्या आवाक्याबाहेरचं आहे आणि त्यासाठी सरकारी यंत्रणा आहे. पण जागा या शब्दाचा अर्थ दर दहा वर्षांनी कसा सरकतो, हे एका ठिकाणी बसून बघणाऱ्या माणसाला दिसतं.

मागे वळून पाहिलं तर या सरकण्याला फार जुना इतिहास आहे. मॅन यांच्या पुस्तकाच्या दोनच वर्षं आधी, १९१५ मध्ये, त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ आलं. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, महार, मांग: कोण कोणतं काम करतो आणि खळ्यावर त्याच्या वाट्याला बलुतं म्हणून काय येतं, याची इतकी बारीक नोंद मराठीत त्याआधी क्वचितच झाली असेल. आजच्या व्याख्या लावल्या तर त्या गावात बेकार असा कोणी निघायचा नाही. प्रत्येकाला काम आहे, आणि तेही जन्मापासून. पण त्याच कामाच्या अटी बघा. महार वतनात चोवीस तासांत केव्हाही सांगितलेलं काम करायचं, आणि मोबदला दुसऱ्याच्या मर्जीवर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं, ते बलुत्याचं हे ओझं फेकून देण्यासाठी. ही वतनं कायद्यानं संपायला १९५८ साल उजाडलं. शून्य बेकारीचं गाव कसं असू शकतं, हे ज्याला बघायचं असेल त्यानं ही तीस वर्षं वाचावीत.

नंतर आला बहात्तरचा दुष्काळ. आमच्या पिढीला तो दुष्काळी कामांवर वाटल्या जाणाऱ्या सुकडीच्या चवीनं आठवतो. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते, आणि सगळीकडे खडी फोडणारी माणसं. १९७३ च्या मे महिन्याच्या सुमारास राज्यातल्या दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसं होती, आणि तेव्हा महाराष्ट्राची सगळी लोकसंख्या ५ कोटींच्या घरात होती. म्हणजे तान्ह्या मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत दर दहा जणांत एक जण हजेरीपटावर. शहरात त्याच वेळी मॅट्रिक झालेली मुलं एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड काढायला रांगेत उभी होती. ही कार्यालयं १९४५ मध्ये महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी सुरू झाली आणि पुढे सगळ्यांसाठी खुली झाली. खडी फोडणाऱ्या बाईला त्या कार्यालयाचा पत्ताही माहीत नव्हता. बेकारांची नोंद करणारं सरकारी रजिस्टर एका बाजूला, आणि कामाची गरज दाखवणारा हजेरीपट दुसऱ्या बाजूला. दोन्ही कागद सरकारचेच होते. माझा विश्वास हजेरीपटावर आहे, कारण तिथे नाव लागायला उन्हात हातोडा उचलावा लागत होता.

त्या हजेरीपटातूनच पुढे कायदा झाला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापुरात जो प्रयोग केला होता, त्याची रोजगार हमी योजना झाली. १९७५ पासून शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला, तो या हमीसाठी. मागेल त्याला काम हा कायदेशीर हक्क २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. देशाला तसा कायदा करायला २००५ साल यावं लागलं. पगारपत्रकातली ती छोटी कपात पाहून कुरकुरणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना मी विसापूरची गोष्ट सांगत असे. ऐकल्यावर कुरकुर थांबायची असं नाही, पण दुसऱ्या महिन्यात ती जरा हलक्या आवाजात व्हायची.

देशाच्या पातळीवर बेकारी मोजायची कशी हा प्रश्न प्रा. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीनं १९७० मध्येच सोडवायला घेतला होता. समितीचं म्हणणं असं की शेतावर, घरात, हंगामानुसार कामं बदलणाऱ्या देशात बेकारीचा एकच आकडा काढणं अर्थपूर्ण नाही. वेगवेगळ्या लोकांची वेगवेगळी मोजणी हवी. त्यानंतर १९७२-७३ पासून राष्ट्रीय नमुना पाहणीच्या पंचवार्षिक फेऱ्या सुरू झाल्या. २०१७-१८ पासून नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण आलं. तरी आपण एकाच आकड्याच्या मागे धावणं सोडलेलं नाही.

या सर्वेक्षणात २०१७-१८ चा बेकारीचा दर ६.१ टक्के निघाला. २०२३-२४ मध्ये तो ३.२ टक्क्यांवर आला. मथळा झाला, आनंदही झाला. पण त्याच तक्त्यांत खाली बघितलं तर नियमित पगारावर काम करणाऱ्यांचा वाटा २२.८ वरून २१.७ टक्क्यांवर उतरलेला दिसतो. स्वयंरोजगारवाल्यांचा ५२ वरून ५८ टक्क्यांच्या वर गेला. स्त्रियांचा श्रमबलातला सहभाग २३.३ वरून ४१.७ टक्के झाला, आणि या वाढीचा मोठा भाग खेड्यांतला आहे: स्वतःच्या शेतावर, गोठ्यात, घरच्या दुकानात, पुष्कळदा हातात एक पैसाही न येता केलेलं काम. त्या बायका आधीही हेच करत होत्या की आता नव्यानं करू लागल्या, हे तक्ता सांगत नाही. २०२५ पासून हे आकडे दर महिन्याला येऊ लागले. एप्रिल २०२५ चा दर ५.१ टक्के होता. लगेच बेकारी वाढल्याची ओरड झाली. पण ३.२ हा आकडा वर्षभराच्या नेहमीच्या स्थितीवरून काढलेला, आणि ५.१ हा मागच्या सात दिवसांच्या स्थितीवरून, ज्यात आठवड्यात एक तास काम केलेला माणूसही रोजगारात धरतात. वजन आणि उंची यांची तुलना करून कोणी मूल वाढलं की घटलं ते सांगत नाही.

माझ्यासारख्या हौशी माणसाची चूक याच्या उलट बाजूला होते, आणि ती मी केलेली आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये राहून वही लिहिणाऱ्याला वाटतं, देश शेती सोडून कारखान्याकडे आणि संगणकाकडे निघाला. माझ्या डोळ्यांसमोर १९५४ मध्ये पिंपरीत स्थापन झालेल्या पेनिसिलीनच्या सरकारी कारखान्यापासून चाकणपर्यंतचा रस्ता भरत गेला. तोच माझा देश झाला होता. पण देशात शेतीवर काम करणाऱ्यांचा वाटा २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होता आणि २०२३-२४ मध्ये तो ४६.१ टक्के झाला. टाळेबंदीत पाठीवर बॅग घेऊन चालत गेलेली माणसं मी नाशिक रस्त्यावर पाहिली होती, वहीत लिहिलीही होती. त्यातली किती जण शेतावरच राहिली, हे मला माझ्या खिडकीतून कधीच कळलं नसतं. तेव्हापासून दर वर्षी श्रमबल सर्वेक्षणाचा अहवाल आला की मी माझी वही त्याच्यासमोर ठेवून वाचतो.

कारखान्यांच्या बाबतीत मात्र वही आणि अहवाल एकच सांगतात. वार्षिक उद्योग पाहणीत या शतकाच्या सुरुवातीला पाच कामगारांत एक कंत्राटी होता. आता हा वाटा ४० टक्क्यांच्या वर गेला आहे. माझ्या वहीत तोच बदल शब्दांतून दिसतो. आधी चिठ्ठ्यांवर असायचं, ‘टर्नर, फिटर पाहिजेत, कायम होण्याची संधी’. मग ‘कायम’ गळलं आणि ‘टेंपररी’ आलं. मग ‘ट्रेनी’. नंतर ‘कंपनी रोल’ आणि ‘थर्ड पार्टी’ असे दोन वर्ग पडले, आणि आयटीआयची मुलं एकमेकांना पगाराच्या आधी रोल विचारू लागली. आता चिठ्ठीवर व्हीएमसी ऑपरेटर, हेल्पर, बारा तास, बस आणि एक वेळ जेवण, रूमची सोय, असं असतं. खाली फक्त मोबाइल नंबर, कंपनीचं नाव नाही. मुलं ‘माझा ब्रेक झाला’ म्हणायची, आता ‘आमची बॅच संपली’ म्हणतात. ब्रेकमध्ये परत बोलावण्याची आशा होती. बॅच संपते ती संपतेच.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि निश्चित मुदतीच्या नोकरीला कायद्यात ठळक जागा मिळाली. अशा कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळायची आहे. सात महिन्यांच्या हिशोबापेक्षा हे बरं होईल का? मला मनापासून वाटतं की व्हावं. चिठ्ठ्यांवर ‘एक वर्ष’ लिहिलेलं येतं की ‘अकरा महिने’, यावर माझं लक्ष आहे.

पुण्याला अशा मोजणीची परंपरा आहे. धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेनं १९३० च्या दशकात शहराची पाहणी केली. मग त्याच शहराची फेरपाहणी करून १९५६ मध्ये सोवनी, आपटे आणि पेंडसे यांनी पुण्यातल्या रोजगाराची आणि कमाईची बदलती घडी मांडली. एकदा मोजलेल्या जागी पुन्हा जाणं, तेच प्रश्न पुन्हा विचारणं. मॅन यांचं गाव मात्र आता सोसायट्यांमध्ये विभागलंय. तिथे शेताचे तुकडे मोजायला जाण्यात अर्थ नाही. पण प्रत्येक सोसायटीच्या गेटवर एक रजिस्टर असतं. धुणीभांडी करणाऱ्या, स्वयंपाकाच्या बाया, ड्रायव्हर, सुतार, पार्सल पोचवणारी मुलं, म्हाताऱ्यांजवळ रात्रभर बसणाऱ्या मावश्या: नाव, कुठून आले, कोणत्या फ्लॅटमध्ये, आत किती वाजता, बाहेर किती वाजता. आजच्या पिंपळे सौदागरमधल्या कामाचा हा हजेरीपटच आहे.

ओळखीच्या एका सोसायटीत मी चिटणिसांकडे जुनी रजिस्टरं मागितली. पत्ते, नावं नको, फक्त कोणतं काम आणि किती तास, एवढंच उतरवून घेतो, असं सांगितलं. ते म्हणाले, “काका, जरा उशीर झाला. दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेली, आणि आता तर ॲप आलंय.” गेटवरच्या वॉचमननं आमचं बोलणं ऐकलं होतं. लातूरकडचा मुलगा, बारा तासांची ड्युटी, एजन्सीकडून आलेला. ॲप बंद पडतं तेव्हा लिहायला म्हणून त्यानं टेबलाच्या खणात एक वही ठेवलेली आहे. पुढच्या महिन्यात ती भरली की मला देणार आहे.