मेदालाही थंडी कळते

मेद म्हणजे केवळ साठवण, अशी आपली समजूत असते. पांढऱ्या मेदाचे मुख्य काम तेच. तपकिरी मेद मात्र साठा जाळून शरीराला ऊब देतो. नवजात अर्भकाला थंडीपासून तोच राखतो. प्रौढांच्या अंगीही तो कार्यरत असतो, हे २००९ साली निःसंशय सिद्ध झाले.

मग थंडीची वार्ता त्याला कोण देते? मज्जातंतू, हे उत्तर खरे, पण अपुरे. नॉटिंगहॅम विद्यापीठातील संशोधकांनी अस्थिमज्जेतील मूलपेशींपासून काचपात्रात मेदपेशी वाढविल्या. तेथे मज्जातंतू नव्हतेच. तरीही ३७ ऐवजी ३२ अंश सेल्सिअस तापमानात वाढलेल्या पेशींनी तपकिरी मेदाची लक्षणे धारण केली; ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर घडविणारे 'यूसीपी-१' हे प्रथिन त्यांत वाढले. हा शोधनिबंध २०१८ सालचा.

स्थूलता व मधुमेह यांवरील उपायाची वाट येथून निघू शकेल. परंतु वाचकहो, काचपात्र म्हणजे देह नव्हे. देहाचा गाभा सदैव ३७ अंशांच्या आसपासच राहतो. तेव्हा एवढ्यावरून कोणी पहाटे गार पाण्याच्या घागरी अंगावर ओतून घेऊ नयेत. हृदयविकार असलेल्यांनी तर मुळीच नाही.