नस म्हणजे वायर नव्हे!

आपल्या आयटीवाल्यांची एक जुनी खोड आहे. काहीही दिसलं की त्याला कॉम्प्युटरची उपमा चिकटवायची. मेंदू म्हणजे सीपीयू, आठवणी म्हणजे हार्ड डिस्क आणि नसा म्हणजे वायरिंग. पहिल्या दोन उपमांवर पुन्हा कधीतरी बोलू. तिसरी मात्र सरळ मोडीत काढावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

मराठीनेही यात थोडा घोळ घातलाय. रक्त वाहतं तीही 'नस' आणि मानेत दबते तीही 'नस'. पुस्तकातला शब्द 'मज्जातंतू', म्हणजे पुन्हा दोराच! मग एका टोकाला बटण दाबलं की दुसऱ्या टोकाला दिवा लागतो, असंच चित्र डोक्यात बसतं.

आता जरा हिशेब बघा. तांब्याच्या तारेतला सिग्नल प्रकाशाच्या वेगाशी स्पर्धा करतो. हेल्महोल्ट्झने १८५० साली बेडकाच्या नसेतला वेग मोजला, तो निघाला सेकंदाला ३० मीटरच्या आसपास. आपल्या शरीरातले सगळ्यात वेगवान तंतू १०० मीटरच्या घरात जातात आणि ठणका पोचवणारे बारीक तंतू जेमतेम १ मीटर. म्हणजे आपण रमतगमत चालतो तेवढाच!

कारण इथे करंट एका टोकाकडून दुसरीकडे वाहतच नाही. पेशीचं आवरण साधारण ५ नॅनोमीटर जाड. त्यातले पंप दर फेरीला ३ सोडियम आयन बाहेर फेकतात आणि २ पोटॅशियम आत घेतात. शिवाय पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपत राहतं, त्यामुळे आतली बाजू सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. आकडा किरकोळ वाटतो ना? जाडीने भागून बघा. मीटरला १ कोटी ४० लाख व्होल्ट! हवेत ३० लाखांनाच ठिणगी पडते.

हा ताण ठरावीक पातळीपर्यंत उतरला की सोडियमची दारं धडाधड उघडतात. सोडियम आत घुसतं, तिथला व्होल्टेज उलटा होतो आणि त्या धक्क्याने शेजारची दारं उघडतात. हे म्हणजे लवंगी फटाक्यांची माळ. प्रत्येक फटाका पुढच्याला पेटवतो, म्हणून शेवटचाही पहिल्याइतकाच जोरात वाजतो. नुकताच वाजलेला लगेच पुन्हा वाजत नाही, म्हणून सिग्नल मागे फिरत नाही. फरक एवढाच की ही माळ काही मिलिसेकंदांत पुन्हा तयार!

हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ साली याची समीकरणं मांडली. केंब्रिजचा कॉम्प्युटर तेव्हा बंद होता, म्हणून हक्सलीने हाताने फिरवायच्या यंत्रावर आकडेमोड केली. माकुळाच्या जाड तंतूसाठी उत्तर आलं सेकंदाला १८.८ मीटर, प्रत्यक्ष मोजलेला वेग होता २१.२. नोबेल मिळालं १९६३ मध्ये.

आता तुम्ही म्हणाल, वायर म्हटलं तर बिघडलं कुठे? बिघडतं. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला गीयाँ-बारे सिंड्रोमची साथ आली. दूषित पाण्यातून वगैरे जंतुसंसर्ग होतो आणि त्याच्याशी लढणारी प्रतिकारशक्ती चुकून नसांवरच उलटते. कधी तंतूवरचं मायलिनचं वेष्टन सोलवटतं, कधी खुद्द तंतूच जखमी होतो. मायलिनमुळे सिग्नल टप्प्याटप्प्याने उड्या मारत जातो. ते गेलं की करंट वाटेतच गळतो आणि पुढचा फटाका उशिरा पेटतो किंवा पेटतच नाही. पायात मुंग्या येतात, मग ताकद जाते आणि ते वर चढत छातीच्या स्नायूंपर्यंत पोचलं तर व्हेंटिलेटर.

डॉक्टर अशा वेळी नसेतला वेग मोजतात. वेग बराच घटला तर संशय मायलिनवर, सिग्नलच लहान झाला तर तंतूवर. आपल्या भाषेत लेटन्सी आणि सिग्नल स्ट्रेंग्थ.

आणि इथेच 'वायर' ही उपमा घात करते. तुटलेली वायर आज जोडली की आज दिवा लागतो, मग घरचे चौथ्या दिवशी विचारतात, "औषध दिलं ना, मग अजून पाय का हलत नाही?" नस जिवंत आहे हो! तिला मायलिन पुन्हा विणायला आठवडे लागतात, तंतू वाढायला महिने. पण वायर स्वतःहून कधीच जुळत नाही, नस बहुतेकदा सावरते. उपमा बदलली तर धीर धरायचं कारण तरी कळेल, आणि मुंग्यांपाठोपाठ पायातली ताकद जायला लागली तर 'उद्या बघू' न म्हणता माणूस त्याच दिवशी हॉस्पिटल गाठेल.

असो. दिवाळीत लवंगीची माळ वाजली की आपल्या नसांची आठवण काढा, एवढंच म्हणणं.