विषाणूचे एक अक्षर आणि परसातला रांजण

गुलबर्गा, म्हणजे आजच्या कलबुर्गीच्या एका वाचक भगिनींचे पत्र आमच्यासमोर आहे. २००६ च्या साथीत त्यांच्या घरातील सातही माणसे एकामागून एक अंथरुणाला खिळली. सासूबाईंची बोटे तर पुढे दोन वर्षे धड वळत नव्हती. त्या विचारतात, 'विषाणू वरचेवर रूप पालटतो असे ऐकतो. तसे असेल तर पिंपे घासून आणि रांजण पालथे घालून लाभ काय?' प्रश्न मार्मिक आहे, कारण रूप पालटण्याची गोष्ट खोटी नाही. मात्र विषाणू कोणासाठी रूप पालटतो, हे पाहिल्यावाचून त्याचे उत्तर देता येणार नाही.

चिकुनगुनियाची ओळख जगाला पटली ती १९५२-५३ मध्ये, टांगानिका म्हणजे आजच्या टांझानियातील माकोंडे पठारावर. हे नाव माकोंडे भाषेतले असून सांध्यांच्या वेदनेने वाकून जाणे असा त्याचा आशय आहे. (आपल्याकडे नावातल्या पहिल्या दोन अक्षरांवर विसंबून काही घरांतून कोंबडी वर्ज्य झाली होती. त्या बिचाऱ्या पक्ष्याचा या रोगाशी काहीही संबंध नाही.) भारतात हा विषाणू १९६३ मध्ये कलकत्त्यास प्रगट झाला, पुढील दोन वर्षांत मद्रास, नागपूर आदी शहरांत फिरला आणि १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीस मोठी साथ आली. त्यानंतर सुमारे बत्तीस वर्षे तो असा दडला की वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी त्याचे नाव केवळ पुस्तकात वाचावे. २००५ च्या अखेरीस आंध्र, कर्नाटक आणि महाराष्ट्रात तो पुन्हा उफाळला. २००६ या एका वर्षात देशात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्णांची नोंद झाली. त्यांत कर्नाटकाचा वाटा सर्वांत मोठा होता, हे आमच्या सीमाभागातील वाचकांस सांगावयास नको.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने जुने आणि नवे नमुने ताडून पाहिले, तेव्हा असे दिसले की १९६३ ते १९७३ चा विषाणू आशियाई कुळातला होता, आणि २००५-०६ चा आफ्रिकी कुळातला. म्हणजे पाहुणा तोच, पण घराणे निराळे. विशेष म्हणजे पुणे जिल्ह्यातील यवत येथे २००० साली मिळालेला नमुनाही या आफ्रिकी कुळातलाच निघाला. साथ उसळण्यापूर्वी काही वर्षे तो आपल्या दारात येऊन गेला होता तर!

आता त्या प्रसिद्ध बदलाकडे वळू. या विषाणूचा सारा वंशलेख सुमारे ११,८०० अक्षरांचा आहे. आपल्या पेशींत नक्कल उतरताना चुका दुरुस्त करणारी व्यवस्था असते. या विषाणूपाशी ती नाही. साहजिकच त्याच्या असंख्य प्रतींत लेखनदोष राहतात. बहुतेक दोष निरुपयोगी किंवा घातक असतात आणि त्या प्रती तेथेच नष्ट होतात. क्वचित एखादा दोष मात्र फळास येतो.

२००५ मध्ये हिंदी महासागरातील रीयुनियन या फ्रेंच बेटावर तसेच घडले. मार्चच्या सुमारास साथ सुरू झाली, थंडीत मंदावली आणि वर्षअखेरीस भडकली. सुमारे पावणेआठ लाख वस्तीच्या त्या बेटावर २ लाख ६६ हजार माणसे, म्हणजे दर तिसरा मनुष्य, आजारी पडला. आरंभीच्या नमुन्यांत नसलेला एक फरक सप्टेंबरनंतरच्या नव्वद टक्क्यांहून अधिक नमुन्यांत दिसू लागला. विषाणूच्या बाह्यावरणातील एका प्रथिनात २२६ व्या स्थानी ॲलनिनच्या जागी व्हॅलिन हे ॲमिनो आम्ल आले होते, आणि त्यास कारण वंशलेखातील एकच अक्षर.

हा फरक तेथेच का माजला? आपल्या घरांत हा रोग पसरवितो तो इडिस इजिप्ती डास. रीयुनियनमध्ये तो दुर्मीळ आहे. तेथे राज्य आहे ते त्याच्या चुलत्याचे, इडिस अल्बोपिक्टसचे. आग्नेय आशियातील रानांचा हा मूळ रहिवासी काळ्या अंगावरील पांढऱ्या पट्ट्यांमुळे वाघडास म्हणून ओळखला जातो. डास रक्त प्याला म्हणजे विषाणू लगेच त्याच्या सोंडेत येतो, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः त्यास आधी डासाच्या जठराच्या पेशींत शिरावे लागते, तेथे वाढावे लागते, मग शरीरभर पसरून लाळग्रंथी गाठाव्या लागतात. पहिला दरवाजाच उघडला नाही तर पुढचे सारे खुंटते. २००७ मध्ये अमेरिकेतील गॅल्व्हेस्टन येथील संशोधकांनी हे एकच अक्षर बदललेले आणि न बदललेले असे दोन विषाणू डासांना पाजून पाहिले. बदललेल्या विषाणूस वाघडासाच्या पोटात पाय रोवण्यास सुमारे शंभरपटीने कमी मात्रा पुरली! इडिस इजिप्तीच्या बाबतीत मात्र त्या बदलाने काहीच लाभ झाला नाही.

आमच्या भगिनींच्या प्रश्नाचे मर्म येथे आहे. २००६ मध्ये दख्खनमधून तपासलेल्या नमुन्यांत तो बदल आढळला नाही. गुलबर्ग्यास, बेळगावास किंवा हैदराबादेस विषाणूला नवे अक्षर शिकण्याची गरजच पडली नाही. त्याचा जुना सोबती आमच्या न्हाणीघरात, हौदात, दिवाणखान्यातील फुलदाणीत सुखाने नांदत होता. आणि बार्शीनंतर जन्मलेली एक अख्खी पिढी त्या रोगास अनोळखी असल्यामुळे शरीरातून त्याला प्रतिकार झाला नाही.

एवढेच नव्हे. या आफ्रिकी कुळाची ही वाटचाल सुरू झाली ती २००४ मध्ये केनियाच्या किनाऱ्यावरून. लामू बेटावर तीन-चतुर्थांश लोकवस्तीस त्याची बाधा झाली. ते दिवस अतिवृष्टीचे नव्हते, अवर्षणाचे होते. पाणी दुर्मिळ झाले म्हणून लोकांनी ते घरात साठविले, आणि साठवणीच्या भांड्यांतच डास वाढले. चार-सहा दिवसांआड नळाची वाट पाहणाऱ्या आमच्या गावांस ही हकीकत परकी वाटू नये.

केरळात २००७ मध्ये निराळे चित्र दिसले. तेथील रबराच्या मळ्यांत चीक धरण्यासाठी झाडांना बांधलेल्या करवंट्यांत पावसाचे पाणी साचते आणि वाघडास फोफावतो. तेथील विषाणूत तोच २२६ वा बदल आढळला. तो रीयुनियनहून आलेला नव्हता. आपल्याकडील विषाणूने तो स्वतंत्रपणे साधला होता, तसाच मध्य आफ्रिकेतील विषाणूनेही. त्याच वर्षी केरळहून परतलेल्या एका प्रवाशामागून इटलीच्या रावेन्ना प्रांतातील दोन खेड्यांत दोनशेहून अधिक माणसे आजारी पडली. युरोपच्या समशीतोष्ण हवेत वाघडास राहतो, इजिप्ती नव्हे. रीयुनियनवर २०२४-२५ मध्ये पुन्हा मोठी साथ आली, तीही याच बदललेल्या विषाणूची.

जुन्या आशियाई कुळाची गोष्टही सांगण्याजोगी आहे. आग्नेय आशियात ते कित्येक दशके वाघडासाच्या शेजारी राहिले, पण त्यास ही किमया साधली नाही. त्याच प्रथिनात ९८ व्या स्थानी असलेला एक जुना फरक २२६ व्या बदलाचा लाभ मिळू देत नाही, असे २०११ मध्ये दाखविण्यात आले. तथापि तेच 'अक्षरशून्य' कुळ २०१३ च्या अखेरीस कॅरिबियन बेटांवर पोहोचले आणि वर्षभरात अमेरिका खंडातील दहा लाखांहून अधिक माणसांस त्याने लोळविले, केवळ इडिस इजिप्तीच्या बळावर.

आणखी एक दिलासा. या बदलांनी विषाणू डासाशी जुळवून घेतो, आपल्या प्रतिकारशक्तीस फसवीत नाही. डेंग्यूचे चार प्रकार आहेत आणि एकाने दिलेले संरक्षण दुसऱ्यापासून टिकाऊ बचाव करीत नाही. चिकुनगुनियाचा असा प्रकार एकच. ज्यांस तो एकदा झाला त्यांस दीर्घकाळ, बहुधा जन्मभर, संरक्षण मिळते, कुळ कोणतेही असो. तेव्हा सासूबाईंच्या सांध्यांत अजून कळ येत असल्यास ते नवे दुखणे आहे असे मानून न घाबरता, जुन्याचेच अवशेष आहेत का हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावे.

राहिली पिंपे घासण्याची गोष्ट. इडिसची मादी अंडी पाण्यात सोडीत नाही. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर आतल्या अंगास चिकटविते. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी पुन्हा चढताच उबतात. म्हणून नुसते पाणी ओतून टाकणे पुरत नाही. आतले अंग काथ्याने खरडून घासावे लागते. अंड्यातून निघालेल्या अळीचा उडता डास होण्यास आपल्या हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक वार ठरवावा. जेथे पाणीच आठ दिवसांनी येते तेथे रांजण रिकामा करा असे सांगणे क्रूरपणाचे होईल; अशा घरी तोंडावर घट्ट विणीचे फडके दोरीने आवळून बांधावे, आणि नळाचा दिवस उजाडण्यापूर्वी तळाशी उरलेल्या पाण्यासह भांडे घासून घ्यावे. हा डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि तिन्हीसांजेपूर्वी. तान्ह्या मुलास दुपारी निजविताना मच्छरदाणी विसरू नये.