गोरेपणाचा पारा आणि पांढरकवड्याचा बाजार

कापूस वेचणाऱ्या बाईचा चेहरा उन्हाने रापतो. तो तिच्या कष्टाचा रंग आहे. परंतु त्या रंगाची लाज वाटावी अशी व्यवस्था या देशात शतकानुशतके उभी आहे आणि आज तीच लाज डबीत भरून बाजारात विकली जात आहे. पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचे ठिकाण. नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे, तेलंगणाच्या सीमेजवळचे हे गाव. कोलाम, गोंड, बौद्ध आणि इतर बहुजन समाजातील कष्टकरी बाया-पोरी येथे बाजाराला येतात. त्यांच्या हातात पडणाऱ्या गोरे करणाऱ्या क्रीममध्ये काय असते, हे तपासण्याची जबाबदारी कोणाची, हा आमचा प्रश्न आहे.

हा प्रश्न हवेतला नाही. आपल्याच वऱ्हाडात अकोल्याला एका घरातील आई आणि दोन मुली एकापाठोपाठ मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी पडल्या. तिघींनीही ओळखीच्या ब्युटी पार्लरवालीकडून घेतलेली एकच क्रीम वापरली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयापर्यंत प्रकरण गेले, तेव्हा त्या क्रीममध्ये मर्यादेच्या कितीतरी पट पारा सापडला. 2023 च्या सुरुवातीला हे वृत्त प्रसिद्ध झाले. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै 2021 ते सप्टेंबर 2023 या काळातील एकाच प्रकारच्या मूत्रपिंडविकाराचे 22 रुग्ण अभ्यासले. त्यांपैकी 15 जणांत एक विशिष्ट खूण आढळली आणि त्या 15 पैकी 13 जण गोरे होण्याची क्रीम वापरत होते.

पारा काय करतो? कातडीला रंग देणारे द्रव्य शरीरात तयार होते, ती क्रिया तो रोखतो. म्हणून चार-सहा आठवड्यांत चेहरा उजळल्यासारखा वाटतो आणि बाई दुसरी डबी आणते. परंतु पारा कातडीवर थांबत नाही. तो रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. लघवीला फेस येतो, पाय आणि डोळ्यांखालचा भाग सुजतो. बाई गरोदर असेल तर पोटातल्या बाळापर्यंत विष पोहोचते. मेडिकलच्या दुकानातील दुसरे विष स्टेरॉइड मलमांचे आहे. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही औषधे आहेत, सौंदर्यप्रसाधने नव्हेत. 2018 साली केंद्र सरकारने अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरीही गोरेपणासाठी ती सर्रास मागितली जातात आणि दिली जातात. कातडी पातळ होते, चेहरा लाल होतो, मलम सोडले की आग होते.

कायदा नाही असे नाही. 1940 च्या औषध कायद्यात 1962 च्या दुरुस्तीने सौंदर्यप्रसाधने आली. 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनी पाऱ्याची संयुगे घालून प्रसाधने बनवण्यास बंदी घातली. नकळत राहिलेला अंशही चेहऱ्याच्या क्रीममध्ये 1 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत एका भागाच्या वर असता कामा नये. पाऱ्याविषयीचा मिनामाता करार भारताने 2018 साली मान्य केला. पारा घातलेली सर्व सौंदर्यप्रसाधने 2025 पर्यंत बंद करण्याचा निर्णय त्या कराराच्या देशांनी 2023 मध्ये घेतला. कागद पक्का आहे. परंतु कागद बाजारात फिरत नाही.

गोम अशी आहे की औषध विकायला परवाना लागतो, मात्र सौंदर्यप्रसाधन विकायला दुकानदाराला असा परवाना लागत नाही. परवाना बनवणाऱ्याला, नोंदणी आयात करणाऱ्याला. मग ज्या डबीवर बनवणाऱ्याचा पत्ताच नाही, ती पार्लरमधून आणि हातगाडीवरून विकली गेली तर पकडायचे कोणाला? यवतमाळ जिल्हा 16 तालुक्यांचा, साडेतेरा हजार चौरस किलोमीटरचा. औषध निरीक्षकाने औषध दुकाने पाहायची की आठवडी बाजार? अन्न व औषध प्रशासनाची गाडी गावात क्वचित दिसते आणि दिसली तरी पावडर-क्रीमच्या दुकानासमोर थांबत नाही.

याच जिल्ह्याने 2017 मध्ये फवारणीचे विष पाहिले. वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले. तेव्हा मजुरांनी तोंडाला फडके बांधले नाही, हातमोजे घातले नाहीत, असे सांगून दोष त्यांच्याच माथी मारण्याचा प्रयत्न झाला. उद्या क्रीमने मूत्रपिंड गेले तर बाईच्या नटण्या-मुरडण्याला दोष दिला जाईल. विष बनवणारा मोकळा, विकणारा मोकळा, तपासणारा मोकळा आणि गुन्हेगार मात्र मरणारा! ही रीत आम्हाला मान्य नाही.

नटण्याला आमचा विरोध नाही. डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले होते की जातीची खूण सांगणारी वेशभूषा आणि दागिने टाका, नीटनेटक्या राहा. तो स्वाभिमानाचा उपदेश होता. गोरेपणाची क्रीम नेमके उलटे शिकवते. ती सांगते, तू जशी आहेस तशी कमी आहेस. ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या 1946 च्या ग्रंथात बाबासाहेबांनी वर्ण म्हणजे कातडीचा रंग हा सिद्धांत खोडून काढला. परंतु आपल्याच वधू-वर मेळाव्यांत ‘मुलगी गोरी हवी’ असे लिहिले जाते, त्याचे काय? एका मोठ्या कंपनीने 2020 साली आपल्या प्रसिद्ध क्रीमच्या नावातून ‘फेअर’ शब्द काढला. आपल्या बायोडाट्यातून तो अजून निघालेला नाही. मनुवादी मनाला आपण घरात जागा दिली, तर बाजार तिचे भाडे वसूल करणारच.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. आठवडी बाजार आणि पार्लरमधून क्रीमचे नमुने नियमित घ्यावेत. नापास मालाची नावे मराठीत जाहीर करावीत. सौंदर्यप्रसाधने विकणाऱ्यांची नोंदणी सक्तीची करावी. सरकारी रुग्णालयात सूज घेऊन आलेल्या प्रत्येक बाईला ‘चेहऱ्याला काय लावता?’ असे विचारावे. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे आद्य कर्तव्य असल्याचे संविधानाचे कलम 47 सांगते.

आणि केवळ सरकारकडे पाहत बसू नये. 1940 च्या कायद्याच्या कलम 26 नुसार कोणत्याही नागरिकाला विकत घेतलेले प्रसाधन ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेता येते आणि त्याचा अहवाल मागता येतो. महिला मंडळांनी, विहारातील तरुणांनी वर्गणी काढून पाच डब्या तरी पाठवाव्यात. डबीवर परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता पाहावा. कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड, अमोनिएटेड मर्क्युरी यांपैकी नाव दिसले किंवा ‘सोन्या-चांदीला लावू नये’ अशी सूचना असली, तर ती डबी घरात आणू नये. घरात आधीच असेल तर वापर त्याच दिवशी थांबवावा आणि दवाखान्यात लघवीची तपासणी करून घ्यावी.

शिकलेल्या मुलींनी बाजारात जाऊन दुकानदाराला ‘परवाना क्रमांक दाखवा’ असे विचारायला सुरुवात केली, तर पांढरकवड्यात कायदा पहिल्यांदाच पायी चालत येईल. जयभीम!