पाणी मुरू द्या, मग मासे सोडा



तालुक्याच्या गावी रंगीत मासे विकणारी दुकाने आता सर्रास दिसतात. मुले हट्ट धरतात आणि बाजाराच्या पिशव्यांबरोबर एक काचपेटी व चार-सहा मासे घरी येतात. पहिले चार दिवस सारे घर पेटीपुढे बसते. पाचव्या-सहाव्या दिवशी एक मासा उलटा होतो, पंधरवड्यात पेटी रिकामी होते. मग कुणी दुकानदाराला बोल लावतो, कुणी म्हणतो दृष्ट लागली. पुन्हा मासे आणले तर पुन्हा तोच प्रकार. शेवटी पेटी माळ्यावर जाते आणि 'आपल्याकडे मासे जगत नाहीत' एवढेच मुलांच्या मनात राहते.

यात दोष दुकानदाराचा नसतो, दृष्टीचा तर नाहीच नाही. मासे मरतात ते कोऱ्या पाण्यामुळे. लोणचे घातल्या दिवशी कुणी ताटात वाढत नाही, ते मुरावे लागते. पेटीतले पाणीही तसेच मुरावे लागते. ते कसे, हे नत्र, सामू आणि चुनखडी हे शब्द माती परीक्षणाच्या कागदावर वाचलेल्या शेतकऱ्याला इतर कुणापेक्षा लवकर कळेल. पाणवनस्पती लावलेली माशांची पेटी म्हणजे काचेआडून दिसणारे छोटे शेतच आहे.

बाप-लेकाची गोष्ट

लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे एक रसायनतज्ज्ञ होते. त्यांनी काचेच्या भांड्यात दोन सोनमासे ठेवले आणि व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती लावली. वनस्पतीची जुनी पाने कुजून पाणी बिघडू लागले, तेव्हा ती खाण्यासाठी गोगलगायी सोडल्या. मग पाणी निवळ राहिले व मासे जगले. हा प्रयोग त्यांनी १८५० साली प्रसिद्ध केला. माशाचा उच्छ्वास वनस्पतीच्या कामी येतो आणि वनस्पतीचा प्राणवायू माशाच्या, हे त्यांनी दाखवून दिले.

त्यांच्या मुलाचे नावही रॉबर्ट वॉरिंग्टनच. हा मुलगा पुढे इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील प्रसिद्ध शेती संशोधन केंद्रात काम करू लागला. जमिनीतल्या अमोनियाचे नायट्रेट कसे होते, याचा त्याने अनेक वर्षे अभ्यास केला. हे काम करणारे जीवाणू १८९० च्या सुमारास विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने वेगळे करून दाखवले. बापाने पेटी लावली, लेकाने जमीन तपासली, पण दोघांच्या कामामागचे शास्त्र एकच होते.

मासा मरतो कशाने?

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाद्य व विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. हा अमोनिया माशाला विषारी असतो. जीवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो. तेही विषारीच. दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. ते माशाला बरेच सोसते आणि वनस्पतींचे तर ते खाद्यच आहे. आपण टाकलेल्या युरियाचे जमिनीत जे होते, तेच हे.

नव्या पेटीत हे जीवाणू जवळजवळ नसतात. ते वाळूवर, काचेवर, पानांवर आणि गाळणीच्या स्पंजावर हळूहळू वाढतात. त्याला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा काळ न थांबता पहिल्याच दिवशी दहा मासे सोडले, तर ते आपल्याच उत्सर्गात गुदमरतात. पाणी दिसायला काचेसारखे स्वच्छ असते, म्हणून कुणाला संशयही येत नाही.

यात सामूचा वाटा मोठा आहे. पाण्याचे तापमान २५ अंश सेल्सिअस असताना सामू ७ असेल, तर एकूण अमोनियापैकी शंभरात एक भागही जहाल रूपात नसतो. सामू ८ झाला की तो सुमारे पाच भाग होतो आणि ९ झाला की तिसऱ्या हिश्शाच्या वर जातो. चुनखडीच्या जमिनीवर युरिया उघडा टाकला की त्यातला नत्र अमोनिया होऊन हवेत उडतो, म्हणून तो मातीआड करा असे आम्ही सांगतो. ज्या गुणाने शेतात नत्र वाया जातो, त्याच गुणाने पेटीत मासा दगावतो.

पेटी आणि तळ

सुरुवातीला २ फूट लांब, १ फूट रुंद व सव्वा फूट उंच पेटी पुरे. काच ५ ते ६ मिलिमीटर जाडीची घ्यावी. तळाची माती-वाळू व वरची मोकळी जागा सोडून तिच्यात सुमारे ५० लिटर पाणी बसते. भरलेल्या पेटीचे वजन ८० किलोच्या घरात जाते, म्हणजे धान्याच्या दीड पोत्याहून जास्त. तेव्हा फळीवर किंवा डुगडुगत्या टेबलावर ती ठेवू नये. जागा सपाट हवी आणि पेटीखाली थर्मोकोलचा तुकडा हवा. थेट ऊन पडणारी खिडकी टाळावी, नाही तर आठ दिवसांत हिरवे शेवाळ माजेल. साधा एलईडी दिवा रोज सात-आठ तास लावला की वनस्पतींना पुरतो.

तळाशी एक इंच चाळलेला पोयटा आणि त्यावर दीड इंच जाडसर, स्वच्छ धुतलेली वाळू घालावी. काळी चिकण माती नको. ती फुगते आणि पाणी गढूळ करते. शेणखत किंवा रासायनिक खताचा दाणाही नको. वाळूच्या चिमटीवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकून पाहा. फसफसली तर तिच्यात चुनखडी आहे आणि ती सामू चढवील. दुसरी वाळू शोधावी.

वनस्पतींत हायड्रिला व व्हॅलिसनेरिया या सोप्या आहेत. ओढ्या-कालव्यातून आणल्या तर दोन-तीनदा धुऊन आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवाव्या, म्हणजे कीड, जळवा व फवारणीचा अंश पेटीत जाणार नाही. लागवड दाट करा. वाढणारी वनस्पती अमोनिया थेट शोषून घेते, त्यामुळे पाणी मुरण्याच्या काळात तिची मोठी मदत होते.

पाणी पाहून मासा

जमीन पाहून पीक घ्यावे, हे आपण जाणतो. येथेही पाणी पाहून मासा घ्यावा. दख्खनच्या काळ्या खडकातल्या बोअरचे पाणी बहुधा जड व विम्ल असते. त्यात गप्पी, मोली, प्लॅटी हे मासे आनंदाने राहतात. कोकणातल्या जांभ्या खडकातले पाणी हलके असते. त्यात टेट्रा जातीचे मासे चांगले राहतात.

जड पाण्याचा सामू उतरावा म्हणून पेटीत लिंबू पिळण्याची चूक करू नका. त्या पाण्यातले कार्बोनेट क्षार आम्ल गिळून टाकतात. आज उतरलेला सामू उद्या पुन्हा चढतो आणि या चढ-उतारातच मासा खचतो. चुनखडीच्या रानात थोडे गंधक टाकून सामू हलत नाही, तसेच हे. किंचित जास्त पण स्थिर सामू माशाला सोसतो, रोज बदलणारा सोसत नाही. उलट अगदी हलक्या पाण्यात हे क्षार कमी असतात आणि जीवाणूंच्या कामात आम्ल तयार होते, त्यामुळे सामू घसरत जातो. तेथे पातळ फडक्याच्या पुरचुंडीत मूठभर धुतलेले शिंपले ठेवावेत.

ग्रामपंचायतीच्या नळाला ब्लिचिंग पावडरचे पाणी येते. त्यातला क्लोरीन मासा आणि जीवाणू दोघांनाही मारतो. असे पाणी रुंद तोंडाच्या बादलीत दिवसभर उघडे ठेवून मगच वापरावे.

मुरवण्याचे दिवस

पेटी भरली, वनस्पती लावल्या, की रोज माशांच्या खाद्याची लहानशी चिमूट टाकत राहा. ती कुजून जीवाणूंना अन्न मिळते. ओळखीच्या कुणाकडे जुनी, निरोगी पेटी असेल तर तिच्यातली मूठभर वाळू आणा. दुधाला विरजण लावावे तसे ते काम करते. रंगीत माशांच्या दुकानात अमोनिया व नायट्राइट तपासण्याचे संच मिळतात. दोन्ही शून्यावर आली आणि नायट्रेट दिसू लागले, की पाणी मुरले असे समजा. मग आधी तीन-चार मासे सोडा, दोन आठवड्यांनी आणखी तीन-चार. ५० लिटरला दहा-बारा गप्पी पुष्कळ झाले.

पुढची कामे थोडीच आहेत. खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच. अति तेथे माती, ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते. दर आठवड्याला चौथाई, म्हणजे एक बादलीभर, पाणी बदलावे. काढलेले पाणी तुळशीला किंवा परसातल्या वांग्या-मिरचीला घालावे, त्यात नायट्रेट असते. सगळे पाणी एकदम बदलू नये आणि गाळणीचा स्पंज नळाखाली धुऊ नये. तो काढलेल्या पाण्यातच पिळावा, नाही तर महिनाभर जोपासलेले जीवाणू धुऊन जातील.

वनस्पती दिवसा प्राणवायू देतात, पण रात्री त्याही तो घेतात. म्हणून पहाटे मासे पाण्याच्या वर येऊन तोंड उघडू लागले, तर मासे जास्त झाले किंवा पाणी फार तापले असे समजावे. वीज गेली आणि हवेचा पंप बंद पडला, तर तांब्याने पेटीतले पाणी घेऊन वीतभर उंचीवरून पुन्हा पेटीत ओतत राहावे. शेततळ्यात रोहू-कटला सोडणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. ढगाळ हवेत हिरव्यागार तळ्यातले मासे पहाटे वर येतात ते याच कारणाने. तेथे मात्र दहा गप्पी नव्हे, वर्षाची कमाई पणाला लागलेली असते.

शेतकऱ्याच्या घरची पथ्ये

फवारणीचा पंप, बादली, मोजमाप यांपैकी काहीही पेटीसाठी वापरू नका. सायपरमेथ्रीनसारखी सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधे माशाला अत्यल्प मात्रेतही मारक असतात. मोरचुदाचेही तसेच. फवारणीहून आलेल्या माणसाने साबणाने अंघोळ केल्याशिवाय पेटीत हात घालू नये. खरे तर लेकराला जवळ घेण्याआधीही हाच नियम हवा.

मासे वाढून जास्त झाले तर शेजाऱ्याला द्या, पण ओढ्यात, नदीत किंवा धरणात सोडू नका. गप्पी डासांच्या अळ्या खातात हे खरे, परंतु ते कुठे सोडायचे हे आरोग्य खात्याच्या कर्मचाऱ्याला विचारूनच ठरवावे. शोभेच्या पेट्यांतून बाहेर पडलेला सकर मासा उजनीच्या जलाशयात पसरला आहे आणि तेथील मच्छीमारांच्या जाळ्यांना व पोटाला तो त्रासदायक ठरला आहे.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. तपासणी संचातल्या नायट्रेटच्या पट्टीने पेटीतले पाणी पाहण्याआधी एकदा आपल्या विहिरीचे किंवा बोअरचे ताजे पाणी तपासा. ज्या पाण्यात अजून मासा गेलाच नाही, त्यात नायट्रेट भरपूर दिसले तर ते कुठून तरी झिरपून आले आहे. जवळचा उकिरडा, संडासाचा शोषखड्डा, गोठ्याचे मूत्र किंवा शेतात जादा पडलेला युरिया यांपैकी एखादे कारण असू शकते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे भारतीय मानक सांगते. जादा नायट्रेटचे पाणी सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरच्या दुधातून गेले, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि बाळ निळे पडू शकते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. पट्टी हा केवळ इशारा आहे. खात्रीसाठी पाण्याचा नमुना जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्यावा आणि निकाल येईपर्यंत बाळासाठी दुसऱ्या, खात्रीच्या ठिकाणचे पाणी आणावे.

मुलांच्या हौसेखातर आणलेली पेटी घरच्या विहिरीची परीक्षा घेऊन गेली, तर तिचे पैसे वसूल झाले म्हणायचे. माळ्यावरची पेटी खाली काढा, धुऊन पुसून भरा आणि महिनाभर नुसत्या वनस्पती वाढू द्या. मुले रोज विचारतील, 'मासे कधी आणायचे?' त्यांच्या हाती वही द्या आणि रोजचा सामू, अमोनिया लिहून ठेवायला सांगा. आकडा शून्यावर आला की त्यांचे तेच सांगतील.