समुद्र लांब आहे, पण हिंगोलीचं पाणी तिथंच जातं

परवा पारावर हवामान बदलाचा विषय निघाला. मी समुद्रातल्या गवताबद्दल बोलायला लागलो, तर एक काका हसले. म्हणाले, "आरं, उन्हाळ्यात आपल्या कयाधूला पाणी नसतंय अन् तू समुद्राचं काय घेऊन बसलास?" प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

समुद्र उथळ आणि नितळ असतो तिथं तळाच्या चिखलात गवत उगवतं. त्याला मुळं असतात, फुलंही येतात. समुद्रतळाचा टक्काभर भागसुद्धा या गवताखाली नाही. तरी समुद्राच्या तळाशी दरवर्षी जेवढा कार्बन गाडला जातो, त्यातला सुमारे १० टक्के याच्या गाळात जातो, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. कारण साधं आहे. मुळं-पानं चिखलात दबतात, तिथं ऑक्सिजन पोचत नाही, म्हणून ती कुजता कुजत नाहीत. तो साठा शेकडो वर्षं टिकतो.

शेवाळाचं गणित वेगळं आहे. समुद्रात तरंगणारं बारीक शेवाळ हवेतला कार्बन प्रचंड प्रमाणात ओढतं. पण त्यातलं बहुतेक लगेच खाल्लं जातं किंवा कुजतं आणि कार्बन परत सुटतो. थोडंच खोल तळाला जाऊन बसतं. म्हणजे हिरवं दिसलं की कार्बन साठला, असं नाही. नदीच्या डबक्यावर सायीसारखं धरलेलं शेवाळ तर उलटंच करतं. कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतं, मासे मरतात आणि मिथेन वायू सुटतो.

आता आपला संबंध कुठं येतो? समुद्री गवताला ऊन लागतं. किनाऱ्याच्या पाण्यात माती आणि खत उतरलं की पाणी गढूळ होतं, शेवाळ माजतं, ऊन अडतं आणि गवत मरतं. मग लाटा गाळ उकरतात आणि जुना साठाही सुटायला लागतो.

आपली कयाधू पैनगंगेला मिळते. पैनगंगा वर्धेला, तिथून प्राणहिता, मग गोदावरी आणि शेवटी बंगालचा उपसागर. आपल्याकडची पूर्णाही गोदावरीलाच जाते. गोदावरीच्या मुखाशी आंध्रातलं कोरिंगाचं खारफुटीचं जंगल आहे, तेही असंच चिखलात कार्बन साठवतं. वाटेत धरणं आहेत, बराच गाळ तिथंच अडतो, हे मान्य. पण मग येलदरी आणि इसापूर गाळानं भरतात, ते नुकसान कुणाचं?

समुद्री गवत राखण्याची कामं सुरू आहेत. तमिळनाडूनं २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटर भाग समुद्री गाईसाठी राखीव केला. ती गाय याच गवतावर जगते. पण नुसता किनारा राखून भागणार नाही, नदीला वरूनच सांभाळावं लागेल.

माझं म्हणणं एवढंच. माती परीक्षणाच्या कागदावर जो 'सेंद्रिय कर्ब' लिहिलेला असतो, तोच हा कार्बन. आपण पऱ्हाट्या आणि तुराट्या पेटवून तो हवेत सोडतो. मग हळदीला पोत्यावर पोतं खत टाकतो आणि एका मोठ्या पावसात त्यातलं बरंचसं वाहून जातं. पैसा आपला जातो, माती आपली जाते. उताराला आडवी पेरणी, बीबीएफचे सरी-वरंबे, बांधावर गवत आणि खत बेतानं, हप्त्या-हप्त्यानं. यात नवीन काहीच नाही, फक्त करत नाही.

आणि दुसरं, नदीकाठच्या कुठल्याही शहराचं सांडपाणी, आपल्या हिंगोलीचंसुद्धा, प्रक्रिया केल्याशिवाय नदीत जाता कामा नये. मतं मागायला येतील त्यांना हा प्रश्न विचारा.

काकांना सांगायचं एवढंच, की समुद्रासाठी नाही तर निदान आपल्या वावरासाठी तरी करू. समुद्राचं भलं त्यातच आहे.

तुमच्या गावाजवळ नदीचं पाणी सध्या कसं आहे? कमेंटमध्ये लिहा.