टाकीतला पंप आणि घरचे अंगण

सावनेर, खापा, केळवद, पाटणसावंगी या पट्ट्यात छोटी मालवाहू गाडी हा आपल्या अनेक होतकरू तरुणांचा धंदा झाला आहे. संत्र्याच्या दिवसांत क्रेट भरून नागपूरच्या कळमना बाजारात जायचे, एरवी भाजी, सिमेंट, किराणा, लग्नाचे सामान, जे भाडे मिळेल ते ओढायचे. गाडी बहुधा कर्जाची असते आणि ती बंद पडली म्हणून हप्ता थांबत नाही. अशा वेळी गाडी सुरू होईना की पहिला विचार येतो, मजुरी कशाला द्यायची, घरीच खोलून पाहू.

हा विचार वाईट नाही. हाताला काळे लावून घेण्यात कमीपणा कसला? परंतु गेल्या काही दिवसांत दोघा-तिघांनी आम्हांला टाकीतला पेट्रोल पंप घरी बदलण्याविषयी विचारले, तेव्हा या विषयावर सविस्तर लिहावे असे वाटले. आम्ही कारकुनी करणारे लोक. पण वस्तीतल्या जाणत्या मिस्त्री बंधूंजवळ बसून, विचारून, जे समजले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम हे पाहावे की आपल्या गाडीत असा पंप आहे काय. कोळसा वाहणाऱ्या जुन्या डिझेल ट्रकांत तेल ओढणारा फीड पंप बाहेर, इंजिनाजवळ असतो. हाताने दाबून त्यातली हवा काढता येते. हे काम आपले ड्रायव्हर बंधू रस्त्याच्या कडेला बसून करतात. पेट्रोलच्या, किंवा पेट्रोल आणि गॅस अशा दोन्हींवर चालणाऱ्या, इंजेक्शन पद्धतीच्या गाड्यांत मात्र पंप विजेचा असतो आणि तो टाकीत बुडालेला असतो. डिझेलवर हात बसलेला माणूस पेट्रोलच्या टाकीला त्याच बेफिकिरीने हात घालतो, आणि धोका तेथेच आहे. डिझेलची वाफ पेट घेण्यास ३५ अंशांहून अधिक उष्णता लागते. पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांच्या गारठ्यातही ठिणगी लागताच पेटते. आपल्याकडे तर मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो.

कोणी विचारील, विजेचा पंप पेट्रोलमध्येच बुडालेला, मग रोज आग का लागत नाही? कारण बंद टाकीत पेट्रोलची वाफ इतकी दाट असते की जळायला पुरेशी हवाच तिच्यात नसते. हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असले तरच ती पेटते. आता टाकी रिकामी करून तोंड उघडले की काय होते? आत हवा शिरते, वाफ विरळ होते आणि नेमके त्या प्रमाणात येऊन बसते. म्हणून रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोक्याची असते. ‘पेट्रोल काढले, आता भीती नाही’ ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे. रिकाम्या टाकीला घरी वेल्डिंग तर कधीही करू नये.

आता पंप खरोखरच गेला आहे काय, हे आधी तपासावे. चावी फिरवून सेल्फ न मारता कान द्यावा. टाकीच्या बाजूने दोन-एक सेकंद घूं असा आवाज आला तर पंपाला वीज मिळते आहे आणि तो फिरतो आहे. मग फिल्टर तुंबला असेल, दाब कमी पडत असेल. हा दाब गाडीनुसार तीन ते चार बार असतो आणि मिस्त्रीच्या मीटरवर तो लगेच कळतो. आवाजच नसेल तर पहिल्यांदा फ्यूज पाहावा, मग शेजारचा त्याच नंबरचा रिले काढून लावून पाहावा, मग टाकीवरचा प्लग आणि अर्थिंगची वायर गंजली आहे काय ते पाहावे. फ्यूज थोडक्या पैशांत येतो, पंपाला त्याच्या कित्येक पट मोजावे लागतात. आधी टाकी उतरवून मग फ्यूज पाहणे म्हणजे हिशेबाची वही फाडून बेरीज तपासण्यासारखे आहे.

पंपच गेला हे ठरल्यावर जागा निवडावी. घराच्या आत नको, पडवीत नको, पत्र्याच्या बंद शेडमध्ये नको. सकाळच्या गारव्यात, वारा खेळता असेल अशा मोकळ्या जागी गाडी उभी करावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरकत जाते आणि खड्ड्यात, नालीत साचते. अंगणातली वाफ ओट्यापलीकडच्या चुलीपर्यंत आपल्या पायांनी चालत जाते असे समजा. म्हणून गाडीखाली शिरण्यासाठी खड्डा खोदू नये. बिडी-सिगारेट, मोबाईल, लोंबती वायर असलेला दिवा, टेबलफॅन यांना त्या जागी मज्जाव असावा. जवळ कोरड्या पावडरचे अग्निशामक आणि वाळूची बादली ठेवावी. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आग पसरते.

कामाचा क्रम असा आहे. पंपाचा फ्यूज काढून पेट्रोलवर सेल्फ मारावा, म्हणजे पाइपातला दाब उतरतो. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी. गाडी गॅसचीही असेल तर सिलिंडरचा कॉक बंद करावा, आणि गॅसच्या पाइपांना मात्र हात लावू नये. त्या सिलिंडरात सुमारे २०० बार दाब असतो. गॅसची जोडणी सोडल्याशिवाय टाकी उतरत नसेल तर ते काम घरचे नव्हेच, गाडी सरळ जाणत्याकडे न्यावी.

पेट्रोल हातपंपाने झाकणाच्या धातूच्या डब्यात काढावे, पाण्याच्या बाटल्यांत नव्हे. लिटरभर पेट्रोल साधारण पाऊण किलो भरते. टाकीत वीस लिटर राहिले तर पंधरा किलोंचे हेलकावे खाणारे ओझे अंगावर येते, म्हणून आधी उपसावे आणि टाकी उतरवताना खाली फळी घालून जॅक लावावा. पाइप सोडताना भोवती फडके धरावे. कोणता पाइप कोठे होता याची खूण करावी. पंपाचे झाकण उघडण्यापूर्वी वरची धूळ नीट पुसावी, नाहीतर सगळी माती आत जाते. लॉक रिंग लाकडी किंवा पितळी दांड्याने ठोकावी. लोखंडी छिन्नीने ठिणगी उडते. पंप तिरपा करून काढावा, म्हणजे पेट्रोलचा काटा दाखवणारी दांडी वाकत नाही.

नवा पंप घालताना खालची जाळी आणि झाकणाची रबरी रिंग नवीच घालावी. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि जुन्या गाड्यांचे रबर त्याने लवकर खराब होऊ शकते. टाकीत पाणी शिरले तर इथेनॉल ते ओढून घेऊन तळाशी बसते, म्हणून तळ स्वच्छ करावा. सर्व बसवल्यावर थोडे पेट्रोल घालून तीन-चार वेळा नुसती चावी फिरवावी आणि कोठे गळते काय ते पाहावे. त्यानंतरच सेल्फ मारावा. उपसलेले गढूळ पेट्रोल नालीत ओतू नये.

पंप जातो कशाने, हेही ध्यानात घ्यावे. भोवतालचे पेट्रोलच त्याला थंड ठेवते. गॅसवर चालवायची म्हणून पेट्रोल तळाला ठेवण्याची सवय पुष्कळांना आहे. काही जुन्या किटमध्ये गाडी गॅसवर असतानाही पंप फिरतच राहतो आणि कोरडा तापून जळतो. टाकी नेहमी पावभर तरी भरलेली असावी. आज शंभर रुपये वाचवून उद्या पंप घेण्यात कसली काटकसर?

आता ज्यासाठी हा लेख लिहिला ते सांगतो. गॅरेजमध्ये आणि घरीही आम्ही एक दृश्य अनेकदा पाहिले आहे. टाकीत नळी घालतात आणि तोंडाने ओढायला बारा-तेरा वर्षांच्या पोराला बसवतात. ‘तुझे तोंड लहान, तुला जमते,’ म्हणून हसतात. पेट्रोलचा घोट श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसाला सूज येते, जीवही जातो. असे झाले तर मुलाला ओकारी काढायला लावू नये. त्याने पेट्रोल पुन्हा फुप्फुसात जाते. तडक दवाखान्यात न्यावे.

बालकामगारांसंबंधीच्या १९८६ च्या कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास बंदी आहेच, शिवाय १४ ते १८ वर्षांच्या मुलांनाही ज्वालाग्राही पदार्थांच्या आणि धोक्याच्या कामाला लावता येत नाही. शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात हातभार लावण्याची मुलांना सूट आहे, पण धोक्याच्या कामाला ती लागू नाही. तेव्हा ‘आमचाच पोरगा आहे’ ही सबब कायद्यापुढे चालत नाही, आणि बापाच्या मनापुढे तर चालूच नये. पोराला मेकॅनिक व्हायचे असेल तर अवश्य व्हावे. दहावी करून आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करावा आणि ताठ मानेने पाना हाती घ्यावा.

घरातील माता-भगिनींना एक विनंती आहे. गाडी खोलायची ठरली की त्या सकाळी चूल आणि गॅस काम संपेपर्यंत बंद ठेवा, देवळीतला दिवा विझवा, मुलांना शेजारी पाठवा. कोणी आगपेटी काढली, कोणी पोराच्या हाती नळी दिली, तर ‘थांबा’ म्हणण्याचा पूर्ण अधिकार तुम्हांला आहे. भाड्याची एक फेरी बुडाली तर पुढच्या आठवड्यात भरून निघते.

जमेच्या बाजूला मजुरीचे वाचलेले पैसे, खर्चाच्या बाजूला पंप, जाळी, रिंग आणि एक सकाळ. एवढ्यावर हिशेब जुळत असेल तर काम घरी खुशाल करावे. टाकी गंजलेली असेल, सोबत दुसरे मोठे माणूस नसेल किंवा मोकळी जागाच नसेल, तर मिस्त्रीला त्याची मजुरी द्यावी. या कामात मुरलेल्या बंधूंना यात भर घालायची असेल तर अवश्य कळवावे. याच जागी ती वाचकांपर्यंत पोहोचवू.